‘लिटल विमेन’ विकत घेताय? आधी शेवटचं प्रकरण उघडून बघा

लुइझा मे ऑल्कटचं ‘लिटल विमेन’ बाजारात इतक्या रूपांत मिळतं, की नाव एकच असूनही दोन घरांत दोन वेगळी पुस्तकं असू शकतात. एकात बेथ आजारातून उठते आणि तिथेच पुस्तक संपतं. दुसऱ्यात ती जाते. एकात जो लेखिका व्हायची स्वप्नं बघते. दुसऱ्यात ती लिहून पैसे कमावते, त्या लिखाणाची लाज वाटून ते चुलीत घालते आणि बऱ्याच काळाने पुन्हा लिहायला बसते. मेग, जो, बेथ आणि एमी या चार मार्च बहिणी मोठ्या कशा होतात, हाच या कादंबरीचा विषय. त्यामुळे आपल्या हातातल्या प्रतीत त्या किती मोठ्या होतात, हे पैसे मोजण्याआधी बघायला हवं. मुखपृष्ठावरून ते कळत नाही.

हा गोंधळ मुळातला आहे. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे थॉमस नाइल्स यांनी ऑल्कटकडे मुलींसाठी पुस्तक मागितलं. तिला फारसा उत्साह नव्हता, तरी १८६८ च्या उन्हाळ्यात तिने ते लिहून काढलं आणि सप्टेंबरअखेर २३ प्रकरणांचा पहिला भाग आला. पहिल्या छपाईच्या २००० प्रती हातोहात संपल्या. पुढे काय झालं, कोणाचं लग्न कोणाशी झालं, असं विचारणारी मुलींची पत्रं येऊ लागली. नोव्हेंबरात ती दुसऱ्या भागाला बसली आणि एप्रिल १८६९ मध्ये आणखी २४ प्रकरणं छापून आली. अमेरिकेत १८८० पासून दोन्ही भाग एका बांधणीत मिळू लागले. ब्रिटनमध्ये मात्र दुसरा भाग ‘गुड वाइव्ज’ या नावाने वेगळा विकला गेला आणि ती पद्धत तिथे टिकली. आपल्याकडच्या दुकानांत दोन्ही परंपरांची पुस्तकं येतात, शिवाय इथे छापलेल्या स्वस्त प्रती आणि शाळकरी संक्षेप असतातच. सगळ्यांवर नाव एकच, ‘लिटल विमेन’.

म्हणून पहिली तपासणी शेवटच्या प्रकरणाची. ते ‘आंट मार्च सेटल्स द क्वेश्चन’ असेल, तर हातात अर्धं पुस्तक आहे. मेगचं लग्न ठरतं आणि पडदा पडतो. ते ‘हार्वेस्ट टाइम’ असेल, तर दोन्ही भाग आहेत. फक्त आकड्यावर विसंबू नका. काही प्रतींत दुसऱ्या भागाची प्रकरणं पुन्हा एकपासून मोजलेली असतात, तिथे शेवटचा आकडा ४७ ऐवजी २४ दिसतो. प्रकरणाचं नाव बघणंच खात्रीचं. ऑनलाइन घेताना अनुक्रमणिकेचं पान दाखवलेलं नसेल, तर पानांची संख्या बघा. पूर्ण इंग्रजी मजकूर पावणेदोन लाख शब्दांच्या वर जातो. दोनशे-अडीचशे पानांच्या साध्या पेपरबॅकमध्ये तो मावणं शक्य नाही.

अर्धी प्रत घेतली तर काय बिघडलं? पहिला भागही सुंदरच आहे. एका नाताळापासून पुढच्या नाताळापर्यंतचं हे एक वर्ष. वडील अमेरिकी यादवी युद्धात पाद्री म्हणून गेलेले, घरात पैशांची चणचण, मेग १६ वर्षांची, जो १५, बेथ १३ आणि एमी १२. जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या धार्मिक रूपककथेतला यात्रेकरू पाठीवर ओझं घेऊन निघतो, तसं प्रत्येकीला स्वतःच्या स्वभावातलं एक ओझं दिलेलं आहे. बेथचा भिडस्तपणा, एमीची मिरवायची हौस, जोचा संताप, मेगला असलेली श्रीमंतीची ओढ. सहा ते नऊ ही चार प्रकरणं या चौघींची, आणि चारांचीही नावं बन्यनच्या त्या प्रवासातल्या ठिकाणांवरून आणि पात्रांवरून घेतलेली. पहिल्या भागाचा कणा तोच.

त्यातलं सातवं प्रकरण ऑल्कटची पद्धत कळायला पुरेसं आहे. एमीच्या शाळेत खारवलेल्या लिंबांचं वेड पसरलेलं असतं. अख्खी लिंबं खाऱ्या पाण्यात मुरवलेली; मुली ती तासाला चोखतात, पेन्सिलींच्या बदल्यात देतात-घेतात, आवडत्या मैत्रिणीला देतात आणि नावडतीच्या समोर खातात. एमीवर मैत्रिणींचं लिंबांचं कर्ज झालेलं असतं. मेग तिला पाव डॉलर देते, त्यात २५ लिंबं येतात, एक वाटेत संपतं, वर्गात २४ पोचतात. मास्तर मिस्टर डेव्हिस यांनी लिंबांवर बंदी घातलेली असते. चहाडी होते. एमीला दोन-दोन करून सगळी लिंबं खिडकीबाहेर टाकावी लागतात, हातावर छड्या बसतात आणि सुट्टी होईपर्यंत सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. मार्मी, म्हणजे या मुलींची आई, मुलांना मारणं तिला मान्य नसल्यामुळे एमीला त्या शाळेतून काढते. पण त्याच बैठकीत ती एमीला हेही स्पष्ट सांगते की नियम तू मोडलास, लिंबं गेली याचं मला वाईट वाटत नाही. आई मुलीच्या बाजूने उभी राहते आणि तिची चूकही झाकत नाही. संक्षेपांत नेमकं हे दुसरं वाक्य गळतं आणि मार्मी नुसती प्रेमळ आई उरते.

आठव्या प्रकरणातही तेच. एमी रागाच्या भरात जोच्या हाताने लिहिलेल्या गोष्टींची वही जाळते. जो तिला माफ करत नाही आणि दुसऱ्या दिवशी एमी नदीवरच्या बर्फातून खाली जाते. त्या रात्री मार्मी जोला सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं मी तो घालवायचा प्रयत्न करते आहे, आवरता येतो एवढंच जमलंय. पहिल्या भागातली सगळ्यात मोलाची जागा कोणती असं विचारलं तर ही. प्रत पूर्ण आहे का, हे बघायला आठव्या प्रकरणाचा शेवट उघडा. हे संभाषण दोन-चार ओळींत उरकलेलं असेल, तर पुस्तक खाली ठेवा.

पण खरी किंमत मोजली जाते ती दुसऱ्या भागात. तिथे तीन वर्षं गेलेली असतात आणि चुका आता फक्त छडीने भागत नाहीत. मेगचं लग्न झालंय, नवरा जॉन हिशेबनीस. अठ्ठाविसाव्या प्रकरणात ती घरच्या करंटच्या फळांची जेली करायला घेते; चार डझन छोट्या बरण्या आणि अर्धं पिंप साखर घरात येते. मिसेस कॉर्नेलियस यांचं पाकपुस्तक समोर असतं, आणि ते त्या काळात खरोखर घराघरांत वापरलं जायचं. जेली काही केल्या गोठत नाही. मेग पुन्हा उकळते, पुन्हा साखर घालते, पुन्हा गाळते. घामाघूम होऊन रडत बसलेली असताना जॉन न सांगता मित्राला जेवायला घेऊन येतो. पुढे त्याच प्रकरणात श्रीमंत मैत्रिणीच्या नादाने मेग २५ यार्ड रेशीम घेते, पन्नास डॉलरचं. जॉन रागावत नाही, फक्त स्वतःसाठी मागवलेला ओव्हरकोट रद्द करतो. मेग तेच रेशीम मैत्रिणीला विकते आणि तो कोट आणते. लग्नानंतरचं पैशांचं दुखणं मुलींच्या कादंबरीत इतक्या हिशेबाने आणि इतक्या आपुलकीने क्वचितच आलंय.

एमी चित्रकार व्हायचं म्हणते, स्वतःच्या पावलाचा साचा काढायला ते प्लास्टरच्या भांड्यात घालते आणि अडकून बसते. जो हसत-हसत सोडवायला जाते आणि सुरी पायाला लागते. प्रसंग हसण्याचा आहे. पण पुढे रोम बघून आल्यावर एमी शेजारच्या घरातल्या लॉरीला सांगते की हुशारी म्हणजे प्रतिभा नव्हे, आपण थोर होणार नाही हे मला कळलंय. तेव्हा त्या प्लास्टरच्या प्रसंगाचं महत्त्व लक्षात येतं. बेथ चाळिसाव्या प्रकरणात जाते. ऑल्कट तिथे मुद्दाम सांगते की मरताना माणसं संस्मरणीय वाक्यं बोलतात ती पुस्तकांतच. त्यामुळे ते प्रकरण छोटं आणि शांत आहे, आणि म्हणूनच जड. पहिल्याच भागावर थांबलेल्या वाचकाला एमी ही नखरेल धाकटी आणि बेथ ही वाचलेली बहीण एवढंच कळतं. एमीवर अन्याय होतो तो इथेच.

संक्षेपांबद्दल एक गोष्ट पुस्तकातच आहे. सत्ताविसाव्या प्रकरणात जोची कादंबरी घ्यायला प्रकाशक तयार होतो, पण एक तृतीयांश कापा, आणि तुम्हाला जे आवडतं नेमकं तेच काढा, अशी अट घालतो. घरातला प्रत्येकजण वेगळा सल्ला देतो. जो सगळ्यांचं ऐकायला बघते आणि कोणालाच धड न पटणारं पुस्तक होतं. ३०० डॉलर मिळतात, परीक्षणं एकमेकांच्या विरुद्ध येतात. ऑल्कटच्या स्वतःच्या पहिल्या कादंबरीचीही छापण्यापूर्वी अशीच काटछाट झाली होती. तेव्हा ‘संक्षिप्त’ किंवा ‘अ‍ॅब्रिज्ड’ हा शब्द मलपृष्ठावर बारीक अक्षरांत शोधाच. तो नसला, तरी सोळावं प्रकरण उघडा. वडील आजारी असल्यामुळे आई वॉशिंग्टनला गेलेली असते आणि घरून तिला पत्रं जातात. मेगचं व्यवस्थित पत्र, जोचं उड्या मारणारं आणि मध्येच कविता असलेलं, बेथचं चार ओळींचं, एमीचं चुकीच्या स्पेलिंगांनी भरलेलं, घरकाम करणाऱ्या हॅनाचं बोलते तसंच लिहिलेलं, लॉरीचं लष्करी खलित्यासारखं. कथानक इथे पुढे सरकत नाही म्हणून कापणाऱ्याची कात्री पहिल्यांदा इथे चालते. पण प्रत्येकीचा आवाज कानाने ओळखता येतो तो याच प्रकरणात. सगळी पत्रं असतील, तर बाकीचं पुस्तकही बहुधा धड असतं. दहाव्या प्रकरणातलं बहिणींचं घरगुती वर्तमानपत्र आणि बाराव्यातली नदीकाठची सहल यांचीही हीच गत होते.

आता थोडी सूक्ष्म गोष्ट, पण आवडीने वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी. पूर्ण पुस्तकाचेही दोन पाठ, म्हणजे मजकुराची दोन रूपं, आहेत. १८८० च्या आवृत्तीसाठी मजकुरावरून हात फिरवला गेला. मुलींच्या तोंडची बोली, रांगडे शब्द सभ्य केले गेले आणि काही माणसांची रूपंही बदलली. कुठला पाठ आहे हे दोन मिनिटांत कळतं. पहिल्या प्रकरणात मार्मी दारात येते. मूळ पाठात ती अंगाने भरलेली आहे, फार देखणी नाही, पण आई मुलांना नेहमीच सुंदर दिसते असं लेखिका म्हणते. १८८० मध्ये ती उंच आणि भारदस्त होते. तिसऱ्या प्रकरणात जो मेजवानीत लॉरीला न्याहाळते, घरी बहिणींना वर्णन सांगता यावं म्हणून. मूळ पाठात त्याचं नाक लांब आणि उंची जोएवढीच. नंतर नाक देखणं होतं आणि तो तिच्याहून उंच होतो. हा बदल वरवरचा नाही. मूळ पाठातला लॉरी जोच्या बरोबरीचा मित्र आहे आणि मार्मी एक थकलेली, कामाची बाई. जोने लॉरीला लग्नाला नकार देणं त्या पाठात अधिक स्वाभाविक वाटतं. निवड करता येत असेल, तर १८६८-६९ चा पाठ घ्या.

तो पेंग्विन क्लासिक्समध्ये मिळतो. प्रस्तावना एलेन शोवॉल्टर यांची, मागे टिपा आहेत, आणि पहिल्यांदा गंभीरपणे वाचणाऱ्यासाठी हीच प्रत सगळ्यांत सोयीची. फक्त प्रस्तावना शेवटी वाचा. सगळं कथानक तिच्यात उघडं केलेलं असतं. एम. ए.चा अभ्यास, पेपर किंवा व्याख्यान करायचं असेल तर २००४ ची नॉर्टन क्रिटिकल आवृत्ती. अ‍ॅन फिलिप्स आणि ग्रेगरी आयझलाइन यांनी संपादित केलेल्या या प्रतीत पाठभेद, त्या काळची परीक्षणं आणि नंतरचे समीक्षालेख एकत्र मिळतात. त्याच नॉर्टनने २०१५ मध्ये जॉन मॅटिसन यांच्या समासातल्या टिपांसह मोठ्या आकाराचं पुस्तक काढलं आणि हार्वर्डने २०१३ मध्ये डॅनियल शीली यांचं. दोन्ही टेबलावर ठेवून वाचायची पुस्तकं आहेत. अंथरुणात हातात धरून होत नाही. ऑल्कट कुटुंबाचं घर ऑर्चर्ड हाउस, लेखिकेची बहीण मे हिने भिंतींवर काढलेल्या चित्रांसह, या टिपांमधून नीट समजतं. लेखिकेची बहीण एलिझाबेथ, म्हणजे बेथचं मूळ, १८५८ मध्ये गेली, कुटुंब त्या घरात राहायला जाण्याआधीच. हे कळल्यावर पुस्तकातल्या बेथच्या खोलीकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

फुकट हवं असेल, तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पूर्ण मजकूर आहे, मात्र १८८० चा. स्वस्त प्रती बऱ्याचदा अशाच फुकट मजकुरावरून जुळवलेल्या असतात आणि तिथे ठरावीक बिघाड दिसतात. तिरपी अक्षरं नाहीशी होतात, किंवा त्यांच्या जागी शब्दाच्या दोन्ही बाजूंना अधोरेषा उरतात. कविता गद्यासारख्या सलग होतात. दहाव्या प्रकरणातलं वर्तमानपत्र साध्या परिच्छेदांत विरघळतं आणि जाहिराती कुठे संपल्या ते कळत नाही. सुरुवातीचे बन्यनवरून बेतलेले पद्य वगळलेलं असतं. ई-बुक घेतानाही नमुना उतरवून दहावं प्रकरण बघा. कागदी प्रतीत अक्षर बारीक आणि ओळी दाटीने असतील, तर एवढा मजकूर वाचताना डोळे थकतात. मागच्या पानाची शाई पुढे दिसते का, आणि पुस्तक मधोमध उघडल्यावर कण्याचा गोंद तडकतो का, एवढं हाताने तपासा. जाड पुस्तकाला गोंदाची बांधणी हाच मोठा धोका.

चित्रांबद्दल थोडंसं. पहिल्या भागाच्या पहिल्या आवृत्तीतली चार चित्रं लेखिकेच्या बहिणीची, मेची. ती कच्ची आहेत आणि तेव्हाही कोणाला आवडली नाहीत. फ्रँक मेरिल यांनी १८८० साठी काढलेली दोनशेहून अधिक रेखाचित्रं मात्र फार उपयोगी, कारण कपडे, चुली, खोल्या त्यांत नीट दिसतात. गुटेनबर्गवर ती चित्रं असलेली वेगळी फाइल आहे. जेसी विलकॉक्स स्मिथ यांची १९१५ ची आठ रंगीत चित्रं देखणी आहेत, भेटीसाठी ती प्रत शोभते. ऑडिओ घेणार असाल, तर कालावधी बघा. पूर्ण वाचन साधारण १८ ते २० तासांचं होतं. सात-आठ तासांचं असेल, तर पहिलाच भाग आहे किंवा मजकूर कापलेला आहे.

मराठीत शांता शेळके यांचा ‘चौघीजणी’ आहे, आणि इंग्रजीवर हात बसलेल्या वाचकानेही तो घरात ठेवावा. कवयित्रीने केलेला हा अनुवाद अनेक पिढ्यांनी वाचला. मार्च घराची ओळख असंख्य मराठी वाचकांना त्यातूनच झाली. बारा-तेरा वर्षांच्या भाचीला किंवा मुलीला द्यायचं असेल, तर सुरुवात ‘चौघीजणी’ने करून मग मूळ इंग्रजी हातात देणं उत्तम. कथानक ओळखीचं झालं की एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी, लांब वाक्यं आणि बन्यनचे दाखले अंगावर येत नाहीत. उलट क्रमाने गेल्यास मुलं दहा-बारा प्रकरणांतच पुस्तक सोडतात. वयाच्या बाबतीत एवढंच, की पहिला भाग अकरा-बाराव्या वर्षी छान लागतो, पण मेगचं रेशीम, जोचा नकार आणि एमीचं स्वतःला ओळखणं सोळा-सतराव्या वर्षी खरं पोचतं. म्हणून दोन्ही भाग एकत्र असलेली प्रत आत्ताच घ्या आणि दुसरा भाग वाचायची घाई करू नका.

पुढची दोन पुस्तकं, ‘लिटल मेन’ (१८७१) आणि ‘जोज बॉइज’ (१८८६), जोच्या शाळेतल्या मुलांची आहेत. बहिणी तिथे मागे जातात, त्यामुळे लगेच घ्यायची गरज नाही. तिन्ही एकत्र हवीत तर लायब्ररी ऑफ अमेरिकाच्या एका खंडात मिळतात, तोही शोवॉल्टर यांनीच संपादित केलेला. पुढचा भाग शोधताना दुकानात किंवा साइटवर ‘गुड वाइव्ज’ दिसलं आणि तुमच्या प्रतीत ‘हार्वेस्ट टाइम’ असेल, तर ते घेऊ नका. तो भाग तुमच्याकडे आधीच आहे. आणि तुमची प्रत आंट मार्चपाशी संपत असेल, तर तेच घ्या.